वसईच्या घंटा आणि वसईची मराठी

वसई हे नाव ठाऊक नाही असा मराठी माणूस सहसा आढळणार नाही. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून हा किल्ला जिंकून घेतला, ही गोष्ट आपण सर्वांनी शालेय वयातच वाचलेली असते. किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात फेका, असे अप्पा आपल्या सरदारांना म्हणाल्याची आख्यायिका अजूनही अंगावर काटा आणते. परंतु या एका पराक्रमापाशी आपली वसईची ओळख संपते. किल्ला जिंकण्यापूर्वी त्या भूमीवर कोण राहत होते, जिंकल्यानंतर त्यांचे काय झाले, आणि आज त्यांचे वंशज कोणती भाषा बोलतात, हे प्रश्न आपल्या मनात फारसे उद्भवत नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय या प्रश्नांशी निगडित आहे.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे सुट्टीत महाराष्ट्रात जातात. कुलदैवताचे दर्शन, पंढरपूर, कोल्हापूर, शिर्डी, एखाद्या नातलगाकडचे कार्य, असा कार्यक्रम ठरलेला असतो. त्यात दोन दिवस वसईसाठी काढावेत, असे मी आग्रहाने सुचवू इच्छितो. तेथील जुनी ख्रिस्ती प्रार्थनास्थळे, त्यांच्या सभोवारची गावे आणि तीर्थे पाहिली म्हणजे मराठी भाषेचे घर किती ऐसपैस आहे याची प्रचीती येते. शिवाय महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तेथे एक धडाही मिळतो. तो कोणता, हे लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती देवालये पाहावयास एवढ्या लांब कशाला जावे? आपल्याच छत्तीसगडात, जशपूर जिल्ह्यात, कुनकुरी येथे विशाल कॅथेड्रल उभे आहे. हजारो माणसे एका वेळी तेथे प्रार्थनेस बसू शकतात. तेही अवश्य पाहावे. परंतु कुनकुरीचे मंदिर विसाव्या शतकातले असून त्या परिसरातील ख्रिस्ती समाज मुख्यतः उरांव आदी आदिवासी बांधवांचा आहे. वसईचा ख्रिस्ती समाज सोळाव्या शतकापासूनचा आहे आणि त्याची मायबोली आपलीच आहे. आपल्याशी त्याचे नाते भाषेचे आहे.

आणखी एक ऐतिहासिक धागा आहे. मे १७३९ मध्ये वसई पडली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७४१ च्या सुमारास, नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर रतनपुरावर चालून आले आणि छत्तीसगडात मराठी अमलाचा पाया घातला गेला. पुढे बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून कारभार केला. तेथील रामटेकडीचे मंदिर त्यांचीच आठवण सांगते. म्हणजे ज्या लाटेने मराठी फौजा पश्चिमेस समुद्रापर्यंत नेल्या, त्याच लाटेने आपल्यापैकी काहींचे पूर्वज पूर्वेस महानदीच्या खोऱ्यात आणले. वसई आणि रायपूर ही त्या एकाच इतिहासाची दोन टोके आहेत.

वसईवर पोर्तुगीजांचा अंमल आला तो तहाने. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कुन्हा याच्याशी तह करून वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात मुंबईची बेटेही होती. ही मुंबई पुढे १६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणात इंग्लंडच्या राजाकडे गेली, हे सर्वश्रुत आहे. वसई मात्र पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी म्हणून दोनशेहून अधिक वर्षे नांदली. तटबंदीच्या आत सरदारांचे वाडे, न्यायालय, इस्पितळ, मठ आणि चर्चे उभी राहिली. येथील काळा दगड इतका नावाजलेला होता की जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकेच्या दर्शनी भागासाठी तो वसईहून नेण्यात आला. फ्रान्सिस झेवियरही वसईस येऊन गेले होते.

आता प्रत्यक्ष किल्ल्याकडे वळू. रायपूरहून मुंबईच्या गाडीने दादरला उतरावे आणि पश्चिम रेल्वेच्या विरारकडे जाणाऱ्या लोकलने वसई रोड स्थानक गाठावे. तेथून किल्ला आठ-दहा किलोमीटरांवर आहे. बस आणि रिक्षा मिळतात. पावसाळा संपल्यावर, कार्तिक ते माघ या महिन्यांत जाणे उत्तम. पावसाळ्यात झाडोरा इतका माजतो की अवशेष दिसेनासे होतात. पायात मजबूत बूट किंवा चपला असाव्यात आणि पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तो घाईने पाहण्याजोगा नाही. पुरा अर्धा दिवस हाती ठेवावा.

जमिनीच्या बाजूच्या दरवाजाने आत शिरले की रस्ता थेट खाडीकाठच्या बंदराकडे जातो. त्याच्या दोन्ही अंगांस ताडांच्या गर्दीत उंच भिंती उभ्या आहेत. छपरे केव्हाच कोसळली असून कमानी तेवढ्या शिल्लक आहेत. खाडीच्या बाजूस सेंट जोसेफचे मुख्य चर्च आहे. त्याचा आरंभ १५४६ चा आणि पुनर्बांधणी १६०१ ची. हे दुसरे साल गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस यांच्या नावासह दारावरील शिलालेखात कोरलेले आहे. त्याचा उंच मनोरा दुरूनही नजरेत भरतो. फ्रान्सिस्कन संन्याशांच्या चर्चमध्ये फरसबंदीच्या जागी कोरीव अक्षरांच्या समाधिशिला पसरलेल्या आहेत. त्या काळी धनिकांची शेवटची इच्छा वेदीजवळ विसावा मिळावा ही असे. पायाखाली कुणाचे तरी नाव आहे या जाणिवेने येथे चाल आपोआप मंदावते. जेझुइटांच्या येशूनाम चर्चचा दर्शनी भाग त्यातल्या त्यात अधिक शाबूत आहे आणि त्यावरील स्तंभांची व नक्षीची रचना निरखून पाहण्यासारखी आहे. डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन पंथीयांचे मठही याच परिसरात होते.

याच आवारात नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे अशी देवळे आहेत, तसेच चिमाजी अप्पांचा पुतळाही आहे. बंदराकडे कोळ्यांची वस्ती आहे. मासळीच्या टोपल्या, देवळातील आरती आणि पडक्या चर्चची कमान हे सारे पाच मिनिटांच्या अंतरात दिसते.

याच वसईत १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज आणि आई वसईकडची. तरुणपणी ते जेझुइट धर्मोपदेशकांबरोबर जपानला गेले, काही काळ व्यापारात पडले आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन पंथात बंधू म्हणून दाखल झाले. जपानी भाषेवर त्यांचे प्रभुत्व होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह त्यांना क्रुसावर चढविण्यात आले. १८६२ साली पोपनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत होत. वसईत दरवर्षी त्यांचा सण साजरा होतो.

इतिहास लिहिताना एकाच बाजूचे गोड बोलणे योग्य नव्हे. पोर्तुगीजांचा धार्मिक कारभार जाचक होता. देवळे पाडली गेली, हिंदूंच्या जाहीर धर्मकृत्यांवर बंदी आली आणि गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या धर्मन्यायालयाचा वचक वसईपर्यंत पोहोचला. अंजूरच्या नाईक बंधूंनी पेशव्यांकडे धाव घेऊन मोहिमेस साहाय्य केले त्याच्या मुळाशी हाच जाच होता. तथापि धर्मांतर केलेले सर्वच लोक तलवारीच्या भयाने तिकडे गेले, असे म्हणणेही सत्यास धरून होणार नाही. कोणी सक्तीने गेले, कोणी सवलतींसाठी, तर कोणी मठांतील संन्याशांची सेवावृत्ती पाहून. चार शतकांनंतर त्यांच्या वंशजांना त्याचा जाब विचारणे तर सर्वथैव अनुचित ठरेल. त्यांचा धर्म त्यांना वारशाने मिळाला आहे, जसा आपला आपल्याला.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टीचा बहुतेक भाग घेतला. १७३९ च्या आरंभी चिमाजी अप्पांनी वसईभोवतीचे मोर्चे आवळले. सुरुंग लावून तट फोडण्यात आले, दोन्हीकडील असंख्य माणसे पडली आणि अखेर मे महिन्यात किल्लेदार काएतानु द सौझा परेरा याने शरणागतीच्या अटींवर सही केली. या अटी मुद्दाम वाचण्यासारख्या आहेत. पोर्तुगीज सैन्याला शस्त्रांसह मानाने बाहेर पडू देण्यात आले. ज्यांना जायचे होते त्यांना चीजवस्तू घेऊन जाण्याची मुभा मिळाली. आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक राहील असे ठरले. ज्या शत्रूने आपली देवळे पाडली, त्याच्या धर्मीयांना विजयाच्या दिवशी असे अभय देणे ही लहान गोष्ट नव्हे. शाळेत आपण तटाला पडलेले खिंडार शिकलो. तहाचे हे कलम मात्र बहुधा कोणी शिकविले नाही.

विजयाच्या खुणा म्हणून मराठ्यांनी चर्चच्या घंटा काढून नेल्या आणि त्या महाराष्ट्रातील देवालयांत बांधल्या. भीमाशंकरच्या देवळासमोर टांगलेली मोठी घंटा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिच्यावर क्रूस, मातेची आणि बालकाची आकृती आणि १७२९ हे साल आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील प्रसिद्ध घंटा याच परंपरेतील मानली जाते. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्याच्या घाटावर जी घंटा आहे तिच्यावर १७०७ साल कोरलेले आहे. धातू ओतणाऱ्याने ती येशूच्या प्रार्थनेसाठी ओतली आणि ती अडीच-पावणेतीनशे वर्षे महादेवापुढे वाजत आली. तिच्यावरचा क्रूस कोणी घासून टाकला नाही हे विशेष. पुढच्या खेपेस भीमाशंकरला गेलात तर मुलांना ही घंटा अवश्य दाखवा आणि तिचा प्रवास सांगा.

घंटा गेल्या, पोर्तुगीज गेले, युरोपीय धर्मगुरूही गेले. किल्ल्याचे नाव बदलून बाजीपूर झाले, तरी लोकांच्या तोंडी वसईच राहिले. याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि मराठी स्वातंत्र्याचा अस्त जवळ आणला. जेथे चिमाजी अप्पांनी झेंडा रोवला तेथेच त्यांच्या नातवाच्या पिढीने स्वातंत्र्य गहाण टाकावे, यापरती विटंबना कोणती! किल्ला मग ओस पडला. परंतु तटाबाहेरची गावे ओस पडली नाहीत. खरी वसई तेथे जगली.

म्हणूनच किल्ला पाहून परत फिरू नये. पापडी, रमेदी, सांडोर, नंदाखाल, आगाशी या गावांतून फिरावे. सोळाव्या शतकात येथे स्थापन झालेली चर्चे आजही नांदती आहेत. इमारती अनेकदा दुरुस्त आणि विस्तृत झाल्या, पण उपासनेची परंपरा अखंड आहे. रमेदी हे नावच पाहा. रेमेदी म्हणजे पोर्तुगीज भाषेत उपाय, औषध. दुःखनिवारिणी मातेचे हे स्थान, म्हणून गावाचे नावही तेच झाले. आसपासचे हिंदूही तेथे नवसाला जातात. प्रार्थना चालू असेल तर मागे शांतपणे उभे राहावे आणि कान देऊन ऐकावे. शब्द मराठी असतील, चालीही ओळखीच्या वाटतील. १९६२ ते १९६५ या काळात रोम येथे भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना करण्याची वाट मोकळी झाली, आणि वसईच्या वेदीवर मराठी रुळली.

मात्र वसईची मराठी वेदीवर चढण्यापूर्वी चार शतके घरात होती. राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज आणि धर्माची लॅटिन. नावे दिसोझा, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज अशी झाली. तरीही वाडीत पाणी शेंदताना, केळीच्या बागेत, पानवेलीच्या मांडवाखाली, जात्यावर आणि लग्नाच्या मांडवात बोली राहिली ती मराठीच. सामवेदी म्हणजेच कादोडी, आणि वाडवळी, या तेथील बोली आजही कानी पडतात. त्यांत काही गुजराती आणि पोर्तुगीज शब्द मिसळले आहेत, पण ठेवण मराठी आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचे पाणी' आणण्याची चाल उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांत आहे. जुनी माणसे चर्चला 'देऊळ' म्हणत. धर्म बदलला, पण देवाच्या घराला नाव आपलेच राहिले. मुंबई-वसई-ठाणे भागातील या ख्रिस्ती समाजाने पुढे 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले, तेही १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात.

देवघेव दुतर्फा झाली हे विसरता कामा नये. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, घमेले, लिलाव हे शब्द आपल्या मराठीत पोर्तुगिजांकडून आले. हापूस आंब्याचे नावही तिकडचेच. एवढेच काय, महिनाअखेरीस आम्हां नोकरदारांचे डोळे ज्याच्याकडे लागलेले असतात तो 'पगार'सुद्धा पोर्तुगीजच! वसईचा किल्ला आपण जिंकला खरा, पण स्वयंपाकघरात त्यांची शिबंदी कायम राहिली.

वसईच्या परिसरात अन्य स्थळेही विपुल आहेत. निर्मळ येथे शंकराचार्यांचे स्थान आणि विमल सरोवर आहे. पोर्तुगीज अमलात हे तीर्थ उद्ध्वस्त झाले आणि मराठी अमलात पुन्हा नांदू लागले. कार्तिक वद्य एकादशीपासून येथे मोठी यात्रा भरते आणि तिच्या बाजारात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सारेच मिसळतात. या पट्ट्यातील सुकेळी, म्हणजे उन्हात वाळविलेली केळी, प्रसिद्ध आहेत. ती घेतल्यावाचून परतू नये. नालासोपाऱ्याचे सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये येथील बुरुड राजाच्या कोटात उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. त्यात दगडी करंडक आणि बुद्धमूर्ती सापडल्या, आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यासच मिळाला. छत्तीसगडातील सिरपूरचे विहार पाहिलेल्यांना सोपारा पाहून विशेष आनंद होईल. विरारच्या टेकडीवर जीवदानी देवी, समुद्रात अर्नाळ्याचा जलदुर्ग, डोंगरात तुंगारेश्वर आणि पूर्वेस गरम पाण्याच्या कुंडांजवळ वज्रेश्वरी. या देवीला चिमाजी अप्पांनी वसईसाठी नवस केला होता अशी परंपरा आहे, आणि देवालयाची किल्ल्यासारखी बांधणी त्या आठवणीस साजेशी आहे. बौद्ध स्तूप, शंकराचार्यांचे तीर्थ, ख्रिस्ती चर्च आणि पेशवाई देवालय हे सारे एकाच तालुक्याच्या आसपास पाहावयास मिळते. वसई आता ठाण्याऐवजी २०१४ मध्ये झालेल्या पालघर जिल्ह्यात मोडते. शहर झपाट्याने वाढत आहे आणि बागायती आटत आहे. म्हणून विलंब न करता जावे.

मराठी साहित्यातही या धाग्याचे मोल मोठे आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले, येथील भाषा शिकले आणि त्यांनी 'ख्रिस्तपुराण' रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. तुकोबांच्या बालपणी एका परदेशी माणसाने मराठीचे गोडवे गात तिच्यात पुराण लिहावे, ही घटना अपूर्व आहे. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती पुण्याहून काढली आणि ते सामान्य मराठी वाचकाच्या हाती आले.

आपल्या छत्तीसगडाचाही यात अनपेक्षित वाटा आहे. कविवर्य नारायण वामन टिळक १८९३ च्या सुमारास नोकरीनिमित्त राजनांदगावास येत असता आगगाडीत त्यांची एका युरोपीय सहप्रवाशाशी गाठ पडली. त्याने त्यांना बायबलचा नवा करार वाचावयास दिला. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ते कॅथलिक नव्हते, प्रॉटेस्टंट झाले. परंतु त्यांची अभंगवाणी आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' यांवाचून मराठी वाङ्मय किती दरिद्री झाले असते! आपण ज्या लोहमार्गावरून नागपूरला जातो-येतो, त्याच मार्गावर त्या परिवर्तनाचा आरंभ झाला, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईतील नंदाखालचे सुपुत्र. 'सुवार्ता' या मासिकाचे त्यांनी दीर्घकाळ संपादन केले, 'सुबोध बायबल' मराठीत आणले आणि वसईची हिरवी बागायत वाचविण्यासाठी ते रस्त्यावर उतरले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. जे मस्तक हवे तर तोफेतून किल्ल्यात फेका असे अप्पा म्हणाले, त्या मराठी बाण्याचा एक वारस नंदाखालच्या ख्रिस्ती घरात जन्मला आणि मराठी सारस्वताच्या सर्वोच्च आसनावर बसला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

आता आरंभी ज्या धड्याचा उल्लेख केला त्याकडे येतो. वसईच्या ख्रिस्ती माणसापाशी मराठी सोडून देण्याची सर्व कारणे होती. राज्य परके, धर्मगुरू परके, नाव बदललेले, आणि दोनशे पाच वर्षांचा काळ लोटलेला. पुढे इंग्रजी आली. मुंबईच्या अनेक ख्रिस्ती घरांनी ती स्वीकारलीही. परंतु वसईच्या गावांतून मराठी हटली नाही, कारण ती आईच्या तोंडी होती, लग्नाच्या गाण्यात होती, शेजाऱ्याच्या हाकेत होती. कोणा सरकारने तिला राखले नाही. लोकांनी ती वापरली, म्हणून ती राहिली.

आणि आपण? छत्तीसगडात मराठी माणसावर कोणीही जुलूम केलेला नाही. येथील मातीने आपल्याला पोटाशी धरले. हिंदी आणि छत्तीसगढी या मायाळू भाषा आहेत आणि त्या आपल्याला उत्तम आल्याच पाहिजेत. असे असूनही आज आपल्या घरांत आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. मंडळाच्या गणेशोत्सवात मुले आरती पाठ म्हणतात, पण तिचा अर्थ त्यांना सांगावा लागतो. आपली नावे कुळकर्णी, देशपांडे, पाटील, शिंदे अशी कायम आहेत. जीभ मात्र हळूहळू बदलत आहे. वसईत याच्या उलट घडले. तेथे आडनाव दिसोझा झाले, पण जीभ मराठी राहिली. या दोहोंत मराठीपण अधिक कोठे टिकले, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाशी द्यावे.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण मागील पन्नास वर्षांचा हिशेब मांडीत आहोत. पुढील वर्षांसाठी दोन नम्र सूचना कराव्याशा वाटतात. एक, मंडळाच्या वार्षिक सहलींत वसईचा समावेश व्हावा आणि तेथील एखाद्या मराठी ख्रिस्ती लेखकाला आपल्या व्याख्यानमालेस पाचारण करावे. दुसरी, प्रत्येक घराने दिवसातील एक जेवण तरी केवळ मराठीत बोलत करावे. पहिल्या सूचनेस थोडा खर्च आहे, दुसरीस काहीच नाही; तथापि दुसरी अधिक कठीण आहे, याची मला कल्पना आहे.

भीमाशंकरची घंटा वाजते तेव्हा ती कोणत्या धर्माची हे तिच्या नादावरून कोणी ओळखू शकत नाही. तिला वाजविणारा हात मात्र लागतो. भाषेचेही तसेच आहे. वसईकरांचे हात चार शतके थांबले नाहीत. आपलेही थांबू नयेत, हीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.